तोंडातील चट्टा आणि रंगाची साक्ष



घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या गालाच्या आतल्या बाजूस किंवा जिभेच्या कडेला पांढरा चट्टा दिसला, म्हणजे घरात सहसा दोन मते होतात. एक पक्ष म्हणतो, ‘दुखत नाही, खुपत नाही, या वयात कशाला उकरायचे?’ दुसरा पक्ष त्याच संध्याकाळी कर्करोगाचे नाव उच्चारून सर्वांची झोप उडवतो. दोन्ही पक्षांचा आधार एकच असतो, तो म्हणजे चट्ट्याचे वरवरचे रूप. वस्तुतः नुसत्या रूपावरून त्याचा पुढचा स्वभाव सांगणे अनुभवी वैद्यकांनाही नेहमी साधत नाही. त्यासाठी चट्ट्याचा बारीकसा तुकडा काढावा लागतो, त्यावर रंग चढवावा लागतो आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. हा रंग काय सांगतो, काय सांगू शकत नाही आणि अहवाल हाती आल्यावर रुग्णाने व त्याची काळजी वाहणाऱ्यांनी कसे वागावे, याचा विचार आजच्या लेखात करू.

हा प्रश्न आपल्या दाराशी कसा आला?

कन्नड तालुक्यातील शेतात, बाजारात, एसटीच्या थांब्यावर, कोठेही पाहा. तळहातावर तंबाखू-चुना मळणारा हात दिसतोच. घरातील वृद्ध स्त्रियांच्या बाबतीत तंबाखूचे नाव निघत नाही, पण सकाळची मिश्री चुकत नाही. मिश्री ही भाजलेली तंबाखूच होय, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. त्यात धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के, तर तोंडात तंबाखू धरणारे, चघळणारे वा घासणारे २४.४ टक्के होते. म्हणजे आपल्या राज्यात तंबाखूचा भार फुप्फुसाइतकाच, किंबहुना अधिक, तोंडाच्या अस्तरावर पडतो. राज्यात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली; परंतु त्याआधीच्या अनेक वर्षांच्या सवयीच्या खुणा तोंडात आजही दिसतात.

या विषयाचा पाया मुंबईत घातला गेला. १९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत खानोलकर यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. हे दुखणे आपल्या देशात एवढे का आढळते, या प्रश्नाची ती पद्धतशीर मांडणी होती. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून त्याचा वृत्तांत १९७२ मध्ये दिला. याच गटाने देशातील अन्य जिल्ह्यांत गावकऱ्यांचा दहा वर्षे पाठपुरावा केला. त्यातून एक महत्त्वाची गोष्ट दिसून आली. तोंडाचा नवा कर्करोग बहुधा निरोगी जागेवर अचानक उगवत नाही. आधीपासून असलेल्या चट्ट्यातून वा अन्य विकृतीतून तो निर्माण होतो.

याचा अर्थ प्रत्येक चट्टा कर्करोगच होतो, असा मुळीच नाही. ज्या पांढऱ्या चट्ट्याला वैद्यक ल्युकोप्लाकिया म्हणतात, त्याच्या शंभर रुग्णांपैकी ढोबळमानाने तीन ते दहा जणांत पुढे कर्करोग होतो, असे जगभरच्या अभ्यासांच्या बेरजेतून दिसते. उरलेल्यांचे चट्टे तसेच राहतात, कमी होतात किंवा नाहीसे होतात. मखमलीसारख्या लाल चट्ट्यात हे प्रमाण कितीतरी अधिक असते. तेव्हा खरा प्रश्न असा उरतो, की आपल्या आईच्या वा वडिलांच्या तोंडातील चट्टा या शंभरांपैकी कोणत्या गटातला?

लाकडाचा रंग आणि तुरटी

त्याचे उत्तर शोधण्याचा पहिला टप्पा म्हणजे बायोप्सी. जागा बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा काढतात व तो फॉर्मेलिनमध्ये ठेवतात. मग त्यातील पाणी काढून त्यात पातळ केलेले मेण मुरवतात आणि त्याची घट्ट वडी करतात. या वडीला प्रयोगशाळेत ‘ब्लॉक’ म्हणतात. तिचे मिलिमीटरच्या हजारांश भागाच्या चारपाच पट जाडीचे काप काढून काचपट्टीवर बसवतात. इतका पातळ काप पारदर्शक असतो. त्यात काहीच दिसत नाही. म्हणून रंग हवा.

रोजच्या तपासणीत दोन रंग वापरतात. पहिला हिमॅटॉक्सिलिन. खैराच्या गाभ्यापासून आपण कात काढतो, तसा हा मेक्सिको व मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या गाभ्यापासून काढतात. पूर्वी कापडाला रंग पक्का बसावा म्हणून रंगारी तुरटी वापरत. पेशीला हा रंग धरावा म्हणून प्रयोगशाळेतही तुरटीच्या जातीचा क्षार वापरतात. तो पेशीच्या केंद्रकाला निळा-जांभळा रंग देतो. दुसरा रंग इओसिन. पहाटेच्या ग्रीक देवतेवरून त्याचे नाव पडले. तो पेशीचा बाकीचा भाग व भोवतीचे तंतू गुलाबी करतो.

आता निरोगी तोंडाचे अस्तर डोळ्यांपुढे आणा. तळाशी एका ओळीत नव्या पेशी जन्मतात, त्या हळूहळू वर सरकतात, चपट्या होतात आणि शेवटी गळून पडतात. विभाजनाचे काम तळाशीच चालते. रंगवलेल्या कापात तळाची ओळ गडद, तर वरचा भाग फिका व शांत दिसतो. बिघाड सुरू झाला की केंद्रके मोठी व गडद होतात, त्यांचे आकार एकमेकांशी जुळेनासे होतात, ओळ मोडते आणि तळाशी चालणारे विभाजन वरच्या थरांतही दिसू लागते. या बिघाडाला डिस्प्लेशिया म्हणतात. तो अस्तराच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यापुरता असेल तर सौम्य, मधल्या हिश्श्यापर्यंत चढला असेल तर मध्यम आणि त्याहून वर गेला असेल तर तीव्र, अशी ढोबळ प्रतवारी करतात. पेशींनी तळाची सीमा ओलांडून खालच्या ऊतकात शिरकाव केला, म्हणजेच कर्करोग झाला. आपल्या अहवालात बहुधा याच शब्दांपैकी एखादा लिहिलेला असतो.

तोंडातच लावायचा निळा रंग

दुसरी एक पद्धत तुकडा काढण्यापूर्वीची आहे. टोल्युडीन ब्लू नावाचा निळा रंग तज्ज्ञ थेट तोंडातील चट्ट्यावर लावतात आणि मग सौम्य आम्लाने जागा धुतात. हा रंग केंद्रकातील आम्लद्रव्याला चिकटतो. म्हणून जेथे केंद्रके दाट व मोठी असतात, तेथे निळा डाग धुऊनही टिकतो. कॅनडातील व्हँकुव्हरच्या संशोधकांनी १०० रुग्णांच्या विकृतींचा पाठपुरावा करून २००५ मध्ये असे नमूद केले, की ज्या जागा निळ्या राहिल्या, त्यांत पुढे कर्करोग होण्याचा धोका न रंगणाऱ्या जागांच्या सहापटींहून अधिक होता. मोठ्या चट्ट्यातला नेमका कोणता भाग बायोप्सीसाठी निवडावा, हे ठरवायलाही हा रंग मदत करतो.

परंतु कवळी टोचून झालेली जखम, तोंड आलेले असणे, साधी सूज, यांवरही तो रंग टिकतो. उलट, काही धोकादायक जागा निळ्या होतच नाहीत. म्हणून या रंगाने बायोप्सीची जागा घेता येत नाही, आणि घरी कोणी असा रंग लावून पाहावा, असे तर मुळीच नाही.

विशिष्ट प्रथिने दाखवणारे रंग

कधीकधी अहवालात ‘इम्युनो’ तपासणीचा सल्ला असतो. येथे पेशीतील एखाद्या ठरावीक प्रथिनाला चिकटणारे प्रतिद्रव्य वापरतात, आणि ते जेथे चिकटते तेथे तपकिरी रंग उमटतो. जर्मनीतील कील शहरात १९८३ मध्ये असे एक प्रतिद्रव्य प्रसिद्धीस आले; शहराच्या नावावरून व नमुन्याच्या क्रमांकावरून त्याला ‘के-आय ६७’ म्हणतात. ज्या पेशी विभाजनाच्या तयारीत असतात, त्यांचीच केंद्रके त्याने तपकिरी होतात. निरोगी अस्तरात हे ठिपके तळाशी दिसतात; ते वर चढलेले दिसले, तर काळजीचे कारण असते. ‘पी ५३’ हे दुसरे नाव. बिघडलेल्या पेशीला थांबवणारे हे प्रथिन. त्याच्या जनुकात दोष आला की त्याचा रंग अस्तरात वेगळ्या तऱ्हेने उमटतो.

सुपारीमुळे होणाऱ्या सबम्युकस फायब्रोसिसमध्ये रंगाचे काम निराळे असते. तोंडाची आग होणे, तिखट सोसवेनासे होणे आणि हळूहळू तोंड कमी उघडणे, ही त्याची लक्षणे. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये या विकाराचे वर्णन केले. यात अस्तराखाली तंतूंचे जाड पट्टे साचतात. तंतूंना निळा, हिरवा वा लाल रंग देणाऱ्या खास पद्धतींनी ते किती दाट झाले आहेत, हे पाहता येते. वरचे अस्तर किती बिघडले आहे, हे मात्र नेहमीच्याच गुलाबी-जांभळ्या रंगात पाहावे लागते.

शंभर दाण्यांची परीक्षा

हे सारे वाचून असे वाटेल, की रंग पाहिला म्हणजे भविष्य कळले. तसे नाही, आणि हे समजून घेणे आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे.

पेरणीपूर्वी बियाण्याची उगवण आपण कशी तपासतो? पोत्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. सत्तर उगवले तर पोते पेरण्याजोगे आहे की नाही, बियाणे किती वाढवायचे, हे ठरते. परंतु आपल्या मुठीतला अमुक एक दाणा उगवेल की नाही, ते त्या परीक्षेतून कळत नाही. रंगाची साक्ष याच जातीची आहे. तीव्र डिस्प्लेशिया असलेल्या अनेक रुग्णांत कर्करोगाचे प्रमाण सौम्य असलेल्यांपेक्षा जास्त असते. पण तीव्र असूनही वर्षानुवर्षे स्थिर राहिलेले चट्टे आहेत, आणि अहवाल निर्दोष असतानाही पुढे बिघडलेले चट्टे आहेत.

याची कारणे साधी आहेत. तुकडा चट्ट्याच्या एका जागचा असतो. शेजारची जागा वेगळी असू शकते. रंग त्या दिवसाची स्थिती दाखवतो. त्यानंतरही तंबाखू चालू राहिली, तर स्थिती बदलते. प्रतवारी माणसाच्या डोळ्याने होते. सौम्य आणि मध्यम यांच्या सीमेवर दोन अनुभवी तज्ज्ञांचेही मत वेगळे पडू शकते. तपकिरी रंगाच्या नव्या तपासण्यांवर पुष्कळ संशोधन झाले आहे, तरी त्यांपैकी कोणतीही एकटी निर्णय देण्याइतकी खात्रीची ठरलेली नाही. म्हणून वैद्यक रंगाच्या अहवालाबरोबर आणखी काही गोष्टी पाहतात. चट्टा जिभेच्या कडेला किंवा जिभेखाली आहे का, तो मोठा आहे का, त्यात पांढऱ्याबरोबर लाल रंग वा खडबडीतपणा आहे का, आणि तंबाखूची सवय नसतानाही तो उमटला आहे का? यांतील प्रत्येक ‘होय’ काळजी वाढवतो. विशेषतः शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लोकांना नवल वाटावे असे आहे. कधीच तंबाखू न घेतलेल्या वृद्धेच्या जिभेवरील चट्टा ‘तिला कसले व्यसन’ म्हणून सोडून देऊ नये.

तेव्हा आपण अहवालाकडे भाकीत म्हणून पाहू नये. पुढची तपासणी किती लवकर हवी, चट्टा काढून टाकायचा की नजरेखाली ठेवायचा, हे तो ठरवतो. अहवालात ‘डिस्प्लेशिया नाही’ असे आल्यावर पेढे वाटून पुन्हा कधीच तोंड न दाखवणे आणि ‘डिस्प्लेशिया’ हा शब्द वाचून सर्व संपले असे समजून घरी बसणे, या दोन्हींत सारखाच धोका आहे. पहिल्यात बदल नजरेतून निसटतो. दुसऱ्यात उपचाराची उत्तम वेळ.

काळजी वाहणाऱ्यांसाठी

महिन्यातून एकदा, सकाळच्या उजेडात, कवळी काढून वडीलधाऱ्यांचे तोंड पाहावे. दोन्ही गालांच्या आतील बाजू, ओठांचा आतला भाग, हिरड्या, टाळू, जिभेच्या दोन्ही कडा आणि जीभ उचलून तिच्याखालची जागा, असा क्रम ठेवावा. केरळमधील तिरुवनंतपुरम येथे झालेल्या मोठ्या अभ्यासात, तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांची तोंडे प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी नियमित पाहिल्याने त्यांच्यातील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटल्याचे २००५ मध्ये दिसून आले. घरचे पाहणे त्या तपासणीची बरोबरी करणार नाही, पण बदल लवकर ध्यानात आणून देईल. चट्टा दिसल्यास मोबाइलवर छायाचित्र काढून तारखेसह जपून ठेवावे. स्वतःची तीन बोटे उभी एकावर एक धरून तोंडात जात नसतील, तर तेही वैद्यकांना सांगावे.

टोचणारी कवळी वा दाताचे टोक दुरुस्त केल्यानंतरही दोन ते तीन आठवड्यांत जखम भरली नाही, तर थांबू नये. प्रथम कन्नडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा आपल्या दंतवैद्यांना दाखवावे. बायोप्सीसाठी छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. पुढील उपचारांची गरज पडल्यास तेथेच शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. साठएक किलोमीटरचा हा प्रवास वृद्धांना त्रासाचा होतो, हे खरे. म्हणून आधी चौकशी करून दिवस ठरवावा आणि जुने कागद, चालू औषधांची यादी व शिधापत्रिका बरोबर घ्यावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेविषयी रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

‘तुकडा काढला की रोग पसरतो’ ही समजूत अनेकांना घरी थांबवून ठेवते. तिला आधार नाही. तुकडा न काढल्याने निदान लांबते आणि त्या काळात रोग वाढायला मोकळा राहतो. मात्र मधुमेह, रक्तदाब आणि विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांची माहिती आधी द्यावी. त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. बायोप्सीनंतर त्या दिवशी गरम चहा व तिखट टाळावे. मऊ भात, ताक, गार खिचडी असा आहार द्यावा. टाके, गोळ्या आणि चूळ भरणे यांविषयी वैद्यकांच्या सूचना कागदावर लिहून घ्याव्यात.

अहवाल घ्यायला जाताना चार प्रश्न बरोबर न्यावेत. डिस्प्लेशिया आहे का आणि असल्यास किती? तुकडा चट्ट्याच्या कोणत्या भागातला होता? चट्टा काढायचा की पाहत राहायचे? पुढची तारीख कोणती? शिवाय काचपट्टी व मेणाचा ब्लॉक प्रयोगशाळेत कोठे व किती काळ जपला जातो, तेही विचारावे. हा ब्लॉक वर्षांनुवर्षे टिकतो. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यायचे असेल किंवा नवा रंग चढवून पाहायचा असेल, तर त्याच वडीचा आणखी एक काप पुरतो. वृद्ध माणसाच्या तोंडाला पुन्हा सुरी लावावी लागत नाही.

शेवटी तंबाखूविषयी. ‘सत्तरी उलटली, आता सोडून काय मिळणार?’ असे पुष्कळ आजोबा विचारतात. डॉ. मेहतांच्या गटाने तीन जिल्ह्यांतील सुमारे ३६,००० तंबाखू घेणाऱ्यांना सवय सोडण्यास साहाय्य केले. तेव्हा नवे पांढरे चट्टे उमटण्याचे प्रमाण घटले, असे १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. सोडणे अवघड असते, आणि चारचौघांत टोमणे मारून कोणाचीच सवय सुटत नाही. सून वा नात शेजारी बसून १८००-११२-३५६ हा शासनाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक लावून देईल, तर आजीला मिश्रीचा डबा बाजूला ठेवणे थोडे सोपे जाईल.

प्रयोगशाळेतील रंग आपले काम एकदाच करतो. त्यानंतर दर तीन वा सहा महिन्यांनी, वैद्यकांनी सांगितलेल्या दिवशी, त्याच जागेकडे पुन्हा पाहावे लागते. ती तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आजच लिहून ठेवावी. सणवार, लग्नकार्य आणि पेरणीच्या गडबडीत तीच पहिल्यांदा विसरली जाते.